टायरांची खोली

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … दानित्सा? दानित्सा, तू आहेस? … थांब, ठेवू नकोस. काही झालं तरी हा फोन ठेवू नकोस.

नाही, रडत नाहीये. खोकला आहे. धूळ गेलीय घशात… ऐक. आधी माझं ऐक.

हो, हो… सांग नंतर ते. … अगं ऐक ना. मी अडकलेय.

कामात नाही गं. खोलीत अडकलेय. मागच्या खोलीत, टायरांच्या. बाहेरच्या बोळाचं छत खाली आलंय आणि दार उघडत नाहीये. … छत म्हणजे दगड. टेकडीत खोदलेलं घर, आमच्याकडे छत म्हणजे दगडच. … नाही, अंगावर नाही पडला. दाराबाहेर पडलाय. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, त्यामुळे बोटभरसुद्धा हलत नाही. … सकाळी नऊला. किती वाजलेत आता? … सव्वाबारा. म्हणजे सव्वातीन तास झाले.

मग फोन का नाही केला? अगं, या फोनची बटणं मेलीत. तीन वर्षं झाली. भिंतीवरचा जुना फोन आहे, गिऱ्हाइकाचा आला तर इथूनच घेता यावा म्हणून ठेवलेला. आलेला उचलता येतो, लावता काही येत नाही. सकाळपासून त्याच्याकडे बघत बसलेय. मघाशी एकदा वाजला, पण तेव्हा मी दाराशी दगड ढकलत होते, अंधारात धडपडत येईपर्यंत बंद पडला.

तूच केला होतास? दहाला? … मग परत करायला दोन तास लावलेस? … असू दे. केलास ना, असू दे.

मोबाइल स्वयंपाकघरात, पावाच्या डब्यावर. इथे असता तरी काय उपयोग, टेकडीच्या पोटात रेंज येते होय. … बरं, आता नीट ऐक. हा फोन असाच चालू ठेव आणि तुझ्या मोबाइलवरून स्टेलिओसला लाव. … स्टेलिओस, शेजारचा ग्रीक. खाणवाला. तू आली होतीस तेव्हा तुला सगळे ओपलचे खडे बशीत पाण्यात घालून दाखवत बसला होता, तोच. नंबर लिही. … पेन शोध ना मग.

लिहिलास? घरच्या फोनवर लाव, मोबाइल तो गाडीत विसरतो. आणि लगेच नाही उचलला तर वाजू दे, चव्वेचाळीस डिग्री आहे बाहेर, या वेळेला अख्खं कूबर पेडी गाव जमिनीखाली झोपलेलं असतं. मग पोलिसांना लाव. त्यांना सांगितलं की खाणीतल्या बचावाची माणसं येतात.

कोण लावतंय? … तू तर माझ्याशी बोलतेयस. मागे कुणाचा तरी आवाज आला. … शेजारी? बरं. शेजारी तर शेजारी. भला माणूस आहे, सांग त्याला.

नाही, लागलं नाही मला. हाताला थोडं खरचटलंय. दिवा गेला, वायर त्या दगडाखाली सापडली असणार. डोक्याला लावायची बॅटरी आहे माझ्याकडे, पण पिवळी पडत चाललीय. म्हणून बंद करून बसलेय. … हो, अंधारात. अंधाराला मी भीत नाही, तीस वर्षं या टेकडीत राहतेय. … बरं, भीत होते. तुझा फोन येईपर्यंत भीत होते. झालं समाधान?

ही खोली तू पाहिलेली नाहीस. माझ्या इवोने शेवटची खोदलेली. ओपल मिळेल म्हणून आत आत शिरला, ओपल काही मिळाला नाही, खोली तेवढी मिळाली. तो गेल्यावर तीन वर्षं रिकामी होती. आता टायर आहेत. … मोटरसायकलचे गं, नुसते, चाकांशिवायचे. लोक वाळवंट ओलांडायला येतात ना, ते आधीच पाठवून देतात माझ्याकडे. इथवर डांबरी रस्ता, इथून पुढे कच्चा. इथे येऊन टायर बदलतात, खडबडीत घालतात, काढलेले परत माझ्याकडे ठेवून जातात. कुणी महिन्याने येतं, कुणी वर्षाने.

अडतीस आहेत. … हसू नकोस, मला रोज विचारतात लोक, त्यात काय ठेवायचंय म्हणून. अंगणात टाकलेला टायर इथल्या उन्हात एका उन्हाळ्यात मरतो, दानित्सा. वरून काळाकुळकुळीत दिसतो, आणि बाजूला बघितलंस तर सुरकुत्या, बारीक तडे. रबराला ऊन नको, उष्णता नको, वारा नको. आणि मोटर तर अजिबात नको. पंपाची, फ्रिजची, कसलीही मोटर चालली की ओझोन निघतो, तो रबर खातो. एकावर एक रचायचे नाहीत, खालचा चेपतो. खिळ्याला टांगायचे नाहीत, लांबट होतात. उभे ठेवायचे, आणि महिन्याला थोडे थोडे फिरवायचे, म्हणजे सगळं वजन एकाच जागी बसत नाही.

हो ना, तेच तर करत होते सकाळी. पहिल्या तारखेला करायचं ते राहून गेलं होतं. आठ-दहा फिरवले असतील, तेवढ्यात बाहेर आधी वाळू सांडल्यासारखा आवाज आला, मग… मग सगळं हललं.

काय म्हणतो? उचलला? … उचलला स्टेलिओसने? … दे, मी… हो, मी कशी बोलणार, खरंच. मग सांग त्याला, बोळातलं छत, दाराबाहेरचं. त्याला कळेल कुठलं ते. … काय म्हणाला? … म्हणू दे. दोनदा सांगितलं होतं त्याने, कबूल आहे. दाराबाहेर फुगवटा आलाय, नेवेंका, दोन आठवडे खोली रिकामी कर, मी तो भाग तासून देतो आणि खाली लाकडाचे टेकू लावतो. मीच नको म्हटलं. … का म्हणजे? अडतीस टायर कुठे ठेवू दोन आठवडे या उकाड्यात? स्वयंपाकघरात, फ्रिजजवळ?

होय, टायरांसाठी. ओरड तू. तुला ओरडायला फोन आहे, मला ऐकायला फोन आहे.

… थांब… थांब जरा… खोकला…

नाही, आहे. आहे मी. तोंडाला रुमाल बांधलाय. पंप स्वयंपाकघरात राहिला, दम्याचा. … खोलीत हवा आहे गं, हवा एवढ्यात संपत नाही, मोठी खोली आहे. धूळ खाली बसत नाहीये, तो त्रास आहे. वारा नाही ना. आणि मी हलले की ती परत उठते.

झरोका? … आहे. इवोने पाडला होता, छतातून सरळ वर टेकडीच्या माथ्यापर्यंत. … बंद आहे. … मीच बंद केला. स्पंज कोंबला आणि खालून गोल फळी मारली. … अगं उजेड यायचा. दुपारचं ऊन बरोबर मधल्या रॅकवर पडायचं, आणि गरम वारा. टायरांना… हो. टायरांना.

काही बोलू नकोस आता, मला ठाऊक आहे काय बोलणार आहेस ते. सगळं नीट, पद्धतशीर बंद केलंय मी. रबर दहा वर्षं टिकेल असं. आत माणूस राहील असा विचार नव्हता केला.

किती वेळ लागेल म्हणतो तो? … तासभर, दीड तास? … हो, बरोबर आहे त्याचं. आधी बोळाला टेकू लावल्याशिवाय दगडाला हात लावला तर उरलेलं खाली येईल. पण दीड तास ही धूळ… दानित्सा, मी ती फळी काढते.

उंच आहे. तीन मीटर असेल. शिडी बाहेर आहे. … टायर रचते. … एकावर एक, हो. आता काय करू मग. मोठे मागचे खाली घालते, वर पुढचे, बारीक. नुसत्या रबराचा ढीग डुगडुगणार, पण दोन ढीग शेजारी लावले तर एकमेकांना धरतील. रॅकची एक लोखंडी पट्टी सुटते, तिने फळी उचकटते. स्क्रू काही फार खोल नाहीत, मीच मारलेत, माहितीये मला.

एकसष्ट. मला माझं वय सांगू नकोस.

रिसीव्हर लटकवते, वायर तिथपर्यंत पोचत नाही. तू ठेवू नकोस हं. … शपथ घे. … हं. जाते.

… ऐकू येतंय का? … मला तुझं येत नाही, पण मी बोलत राहते, म्हणजे तुला कळेल… हे मोठे. हे एका डच बाईचे, एकटी जाते ती… तिला सांगू नकोस कधी… चार झाले… पाच… बाप रे, किती जड… सहा…

… अकरा झाले. दुसरा ढीग लावतेय…

… हॅलो? हं, आले परत, जरा दम घेते. … नाही, अजून निघाली नाही फळी. रचून झालेत, ढीग हलू नयेत म्हणून बाकीचे भोवती टेकवलेत. चढून पाहिलं, हात फळीला लागतो, पट्टी आत शिरवायला जागा मिळत नाही. वीतभर कमी पडतंय. … आहेत ना टायर. दोन आहेत.

तोमोची जोडी आहे गं. तुझ्या भाच्याची. … ती नव्हती घेतली मी ढिगात. … काय म्हणजे काय, नव्हती घ्यायची म्हणून नव्हती घेतली. पाच वर्षं हातात घेऊन फिरवतेय, एकदाही आडवी ठेवली नाही. एप्रिलमध्ये येतो आणि नेतो म्हणाला होता. एवढे एप्रिल गेले. पण ठेव म्हणाला होता, म्हणून आहेत.

गप्प का झालीस? … बरं. … घेते. घेते ती पण. लटकवते फोन.

… तोमो, माफ कर रे… हं… आता येतंय… निघतोय एक… निघाला… दुसरा…

…

… दानित्सा? हॅलो? … पडले नाही, पडले नाही. फळी पडली. ढीगही पडला, पण मी आधी उडी मारली. म्हणजे घसरले. … ठीक आहे मी. स्पंजचा अख्खा बोळा डोक्यावर आला. आणि उजेड, दानित्सा. एवढा मोठा उजेड आला आत. धूळ वर चाललीय त्यातून, दिसतेय मला, सरळ वर खेचली जातेय. … हो, घेतेय श्वास. थांब, घेऊ दे जरा.

… हं.

काही नाही, टायर ओढतेय बाजूला. … उन्हात पडलेत ना ते. … वेडी आहे मी, मान्य. हात आपोआप गेला. … बरं, सोडले. बसले खाली. बघ, बसले.

थांब, वरून हाक येतेय. … आहे, स्टेलिओस. जिवंत आहे. … नाही, मोडलं नाही काही. … हो, तू सांगितलं होतंस. दोनदा. … आता तिथे उभा राहून तिसऱ्यांदा सांगणार आहेस का? पाणी सोड. आणि स्वयंपाकघरात, ओट्यावर, निळा पंप आहे. दोरीला बांध. … किती जण आलेत? … चार. बरं.

हॅलो, हं. आलेत ते. टेकू लावायला घेतलेत, आवाज येतोय दारापलीकडून. … रडतेयस कशाला आता? आता तर सगळं… दानित्सा?

एक सांग मला. आज बुधवार आहे. तू रविवारी फोन करतेस. नऊ वर्षं झाली, दर रविवारी, चर्चमधून आल्यावर. आज दहाला केलास, परत सव्वाबाराला केलास. का केला होतास?

सहज? … तू बुधवारी सहज फोन करणारी नाहीस. … मला धक्का बसेल? अगं, छत पडलंय माझ्यावर. आणखी कसला धक्का? … बाहेर आल्यावर? बाहेर आल्यावर तू सांगणार नाहीस, तेवढं ओळखते मी तुला. आत्ता बोल. माझ्याकडे वेळच वेळ आहे, कुठे जाऊ शकत नाही मी.

… कुणाचं? … तोमोचं काय? … अपघात? …

…

कधी? … मागच्या वर्षीच्याही आधी? कधी नक्की? … डिसेंबरात. म्हणजे चौदा महिने. … चौदा महिने मला कुणी सांगितलं नाही. … किती दिवस होता दवाखान्यात? … पाच आठवडे. आणि तू मला दर रविवारी सांगत होतीस, तो कामात आहे, त्याचं चांगलं चाललंय. मी विचारायचे आणि तू सांगायचीस. …

त्याने शपथ घातली होती, आणि आज त्यानेच सोडवली. बरं. … कुठला पाय? … गुडघा वाकतच नाही? … काठी घेऊन. एकतीस वर्षांचा मुलगा माझा, काठी घेऊन.

नाही, ओरडत नाहीये. माझा आवाज असाच येतोय इथून.

… हं. … हं. पुढचा टायर फुटला. … ऐकतेय मी. सांग.

दानित्सा, मागे कोण आहे? … मघाशी शेजारी म्हणालीस. तोच बोलतोय ना? स्टेलिओसला त्यानेच फोन लावला ना? … स्टेलिओसचा उच्चार करायची पद्धत ओळखीची वाटली होती मला. मला वाटलं, धुळीने कानात काहीतरी झालंय.

त्याला दे. … त्याला बोलायचं नाही? का नाही? … मग फोन त्याच्या कानाला लाव. त्याने नाही बोललं तरी चालेल, मी बोलते. लाव.

… तोमो?

… तोमो, श्वास ऐकू येतोय तुझा. … हं.

मी बरी आहे. स्टेलिओस आलाय. तूच बोललास ना त्याच्याशी, बरं केलंस. … नाही, लागलं नाही. … खरंच नाही. तुला दुखतंय का? … थंडीत. हं. तुझ्या बाबांचाही खांदा थंडीत दुखायचा.

कुठला टायर होता रे? … कुणाकडून घेतलास? … अंगणात. पत्र्याखाली, खिळ्याला टांगलेला. शेजारी कॉम्प्रेसर. … किती वर्षं टांगलेला होता? … त्यालाही माहीत नव्हतं. आणि बाजूचे आकडे? चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, लहानपणी तुलाच मी… नाही, तूच मला दाखवले होतेस ते. वाचले नाहीस? … वाचलेस. … आणि तडे? तडे दिसले नाहीत? …

दिसले.

दिसले आणि तरी बसवलास.

… नाही, बोल. मी गप्प आहे, तू बोल.

… हं. … हं. कारण इथे यावं लागलं असतं.

…

आहे. फोनवर आहे मी. तोमो, ऐक. तेव्हा तुझी जोडी पावणेचार वर्षांची होती. एकदम ठणठणीत. मी… नाही, तुला टोचायला नाही सांगत. मला माझंच कळत नाहीये. मी इथे दर महिन्याला ती फिरवत होते आणि तू तिथे तसल्या रबरावर… दोघांनाही एक फोन करता आला नाही. माझ्या या फोनची बटणं मेली होती, पण स्वयंपाकघरातला मोबाइल चालतो चांगला.

हो, मला आठवतंय मी काय म्हणाले होते. शब्द न् शब्द. घर विकायचं म्हणायला येणार असशील तर येऊ नकोस. बाबांनी हाताने खोदलंय, तुला काय त्याचं. … म्हणाले होते ना. तू बीळ म्हणालास, मी येऊ नकोस म्हणाले. … तू लहान होतास म्हणून नव्हे, सव्वीस वर्षांचा होतास. पण मी आई होते. मी मागे घ्यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी घ्यायला हवं होतं. मग दुसरा दिवस गेला, आठवडा गेला, आणि मी म्हटलं, टायर आहेत की त्याचे माझ्याकडे. टायर न्यायला तर येईलच. … असंच म्हणायचे रे मी. दर महिन्याला.

बीळच आहे. आज दिवसभर बघतेय. झरोकासुद्धा मीच बुजवलेला.

नाही, रडू नकोस. … बरं, रड. मावशी आहे ना तिथे? पाणी घे जरा. … मी थांबते.

…

काय? … मोटरसायकल? विकलीस. … बरं केलंस. … नाही, खरंच बरं केलंस, मला वाईट नाही वाटलं. वाटलं, थोडं वाटलं. तुझ्या टायरांचं म्हणतोस? ते आता कुणालाच देता यायचे नाहीत. पाच वर्षांपलीकडे मी गिऱ्हाइकाला सांगते, कितीही नीट ठेवले असोत, लांबच्या रस्त्यावर नको. दुसऱ्यांना सांगत होते, तोमो. रजिस्टरमध्ये सगळ्यांच्या तारखा आहेत, तुझी पण आहे. वाचायचे आणि पान उलटायचे.

हो. आवाज येतोय, तुलाही ऐकू आला? दगड फोडतायत. … स्टेलिओस, सावकाश. वरून वाळू पडतेय. … इकडच्या कोपऱ्यात आहे मी, फोनपाशी. … नाही, दारापासून लांब आहे.

… तोमो, हॅलो? … हं. घाबरू नकोस. त्याने शंभर बोळ धरून ठेवलेत असे.

बोलत राहा तू. काहीही बोल. काय काम करतोस आता? … कॅमेरे दुरुस्त करतोस? तू? … हात चांगला आहे तुझा, लहानपणापासून. बाबांचं घड्याळ उघडलं होतंस, आठवतं? बंद पडलं ते पडलंच… पण उघडलं छान होतंस. … बसून करायचं काम. हं. आणि राहतोस कुठे? … मावशीपासून दोन गल्ल्यांवर. म्हणजे ती रविवारी मला फोन करायची तेव्हा तू… तिथेच बसलेला असायचास? … प्रत्येक रविवारी?

…

ऐकायचास.

… मग मी त्या खेपेला दाताबद्दल एवढी बडबडले, तेही ऐकलंस. आणि स्टेलिओसच्या बायकोच्या केकबद्दल. … बरं. बरं. हसतोयस का रडतोयस, कळत नाहीये मला.

थांब. … दार हललं. दार हललं, तोमो. … हो, स्टेलिओस, दिसतोय हात. … फट आलीय, उजेड येतोय त्यांच्या दिव्यांचा. लाकूड घालतायत खाली. … वाटेत मी आहे का? नाही, सगळे टायर इकडेतिकडे पडलेत, पाय अडकेल रे तुझा. … लाथ मार त्यांना. मार. मी सांगतेय ना, मार.

आला. आत आला तो. … ये, स्टेलिओस. … नाही, उठता येतंय मला. … दोन मिनिटं थांब. … कळतंय, वर अजून लोंबतंय, दिसतंय मला. पण दोन मिनिटं. मुलाशी बोलतेय मी. … हो, तोमो. … तोच. त्यानेच लावला होता फोन तुला.

तोमो, हे मला उचलून नेणार आहेत आता, याचा चेहरा बघूनच कळतंय. बाहेर गेले की मी करते. … मावशीच्या फोनवर नाही. तुझ्या. तुझा नंबर सांग. … माझ्याकडे कुठे आहे? पाच वर्षांत कुणी दिलाय मला? … स्टेलिओस, पेन आहे का? … खिशात असतो ना तुझ्या नेहमी. … कागद नाही, मग हातावर लिही. तुझ्याच लिही, माझ्या हाताला रक्त आहे. … नंतर शिव्या दे, आधी लिही.

सांग, तोमो. … शून्य, चार… हं… हळू, त्याचा हात घामाने ओला आहे. … हं… पुढे… पुन्हा सांग तो… आठ की नऊ? … नऊ. … शेवटचे दोन? … लिहिलास, स्टेलिओस? दाखव. … बरोबर आहे. मनगट पुसू नकोस आता.

हं, तोमो. आहे नंबर. ठेवते.